कंपनी विकली गेली, पैलवानांचं पुढे काय झालं?

नव्वदच्या दशकात केबलवर डब्ल्यूडब्ल्यूएफ बघत वाढलेल्यांची आपल्याकडे कमी नाही. ट्रम्प कार्डांवरची उंची, वजन, छाती, बायसेप्स सगळं तोंडपाठ असायचं. त्याच काळात तिकडे अमेरिकेत, अटलांटा शहरात, डब्ल्यूसीडब्ल्यू नावाची दुसरी मोठी कुस्ती कंपनी होती. सीएनएन काढणारा टेड टर्नर तिचा मालक. सोमवारी रात्री डब्ल्यूडब्ल्यूएफचा ‘रॉ’ आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा ‘नायट्रो’ हे दोन कार्यक्रम समोरासमोर लागायचे, आणि १९९६ ते १९९८ या काळात सलग ८३ आठवडे नायट्रोने रॉला मागे टाकलं होतं. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, २३ मार्च २००१ रोजी, डब्ल्यूडब्ल्यूएफने ही कंपनी विकत घेतली.

या व्यवहारावर आजवर जे बोललं गेलं ते बहुतेक मालकांबद्दल. डब्ल्यूडब्ल्यूएफचा मालक विन्स मॅकमॅहन जिंकला, टर्नरचं साम्राज्य हरलं, वगैरे. रिंगणात अंग आपटून घेणाऱ्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याचं उत्तर नीट समजून घ्यायचं तर थोडा कायदा, थोडा पैसा आणि थोडी या धंद्याची रीत, तिन्ही पाहावं लागतं.

आधी धंद्याची रीत. अमेरिकन व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या मैदानात अशी कुस्ती लागली तर ‘नुरा’ म्हणून लोक हुर्यो उडवतात. तिकडे प्रेक्षकाला ते ठाऊक असतं आणि तो गोष्ट बघायलाच तिकीट काढतो. अंग खरंच आपटतं, गुडघे आणि मणके खरंच जातात, पण कोण जिंकणार हे लेखनाच्या खोलीत ठरतं. म्हणजे पैलवानाची बाजारातली किंमत त्याच्या अंगातल्या जोरापेक्षा त्याला कोणती गोष्ट मिळते यावर अवलंबून असते. सहा महिने त्याला हरवत राहिलं की लोकांना तो हरणाराच वाटू लागतो. मग त्याच्या नावावर तिकिटं खपत नाहीत, टी-शर्ट विकले जात नाहीत, आणि पुढच्या कराराच्या वेळी त्याच्या हातात काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, हे पैलवान कंपनीचे नोकर नसतात. कागदोपत्री ते ‘स्वतंत्र कंत्राटदार’. त्यामुळे नोकराला मिळणारं संरक्षण त्यांना नाही, आरोग्य विमा ज्याचा त्याने काढायचा, कर ज्याचा त्याने भरायचा. युनियन नाही. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या पैलवानाने युनियनचा विषय काढून पाहिला होता, तो तिथेच दाबला गेला. नोकराचे हक्क नाहीत आणि संघटनाही नाही, अशा माणसाकडे मालकाशी बोलताना एकच ताकद उरते: ‘तुम्हाला पटत नसेल तर मी समोरच्याकडे जातो.’

१९९४ ते २००१ या काळात ही ताकद खरी होती. हल्क होगन १९९४ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत गेला. १९९६ मध्ये केव्हिन नॅश आणि स्कॉट हॉल गेले, कारण तिकडे पैसे ठरलेले मिळणार होते आणि वर्षातले कामाचे दिवस कमी होते. तोवर डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये कमाई गल्ल्यावर अवलंबून असायची. माणसं जायला लागल्यावर तिथेही किमान रकमेची हमी देणारे करार सुरू करावे लागले. त्याच वर्षी ब्रेट हार्टला डब्ल्यूसीडब्ल्यूने इतकी मोठी रक्कम देऊ केली की त्याला थांबवण्यासाठी मॅकमॅहनने चक्क वीस वर्षांचा करार केला. वर्षभरात तो करार निभावता येईना तेव्हा हार्ट तिकडे गेलाच. ही मोठी नावं झाली. पण याचा फायदा मधल्या फळीतल्या, पोस्टरवर कधीच न झळकणाऱ्या पैलवानांनाही झाला. दोन गिऱ्हाइकं असली की मालाला भाव येतो, आणि इथे माल म्हणजे त्यांचं शरीर होतं.

मग डब्ल्यूसीडब्ल्यू का बुडाली? कारणं पुष्कळ आहेत. वारेमाप करार, म्हातारे झालेले तेच ते नायक, दर महिन्याला बदलणारे लेखक. २००० या एका वर्षात कंपनीला सहा कोटी डॉलरहून जास्त तोटा झाल्याचं तेव्हा छापून आलं. पण शेवटचा घाव बाहेरून आला. टर्नरची कंपनी आधीच टाइम वॉर्नरमध्ये मिसळली होती; जानेवारी २००१ मध्ये टाइम वॉर्नर आणि एओएल एक झाले. एरिक बिशॉफ हा कंपनीचा जुना प्रमुख, त्याने गुंतवणूकदार जमवून ती विकत घ्यायची तयारी केली होती आणि बोलणी जवळजवळ पक्कीही झाली होती. मार्चमध्ये टर्नरच्या वाहिन्यांचा नवा प्रमुख जेमी केलनर याने सांगितलं की टीबीएस आणि टीएनटीवर यापुढे कुस्ती लागणार नाही. टीव्हीवरची वेळ गेली की कुस्ती कंपनीत विकत घेण्याजोगं फारसं काही उरत नाही. बिशॉफचे गुंतवणूकदार मागे सरले, आणि उरला एकच गिऱ्हाईक.

सुरुवातीची किंमत ठरली सुमारे २५ लाख डॉलर. डब्ल्यूसीडब्ल्यूतल्या बड्या नावांचं एकेकाचं वार्षिक मानधन दहा लाख डॉलरच्या पुढे होतं, हे लक्षात घेतलं की ही किंमत किती फुटकळ होती ते कळतं.

आता कायद्याचा भाग, आणि सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. डब्ल्यूडब्ल्यूएफने ‘कंपनी’ घेतली असं आपण बोलतो. प्रत्यक्षात तिने कंपनी घेतलीच नाही; कंपनीतल्या हव्या तेवढ्या वस्तू घेतल्या. नाव, बोधचिन्हं, किताबांचे पट्टे, हजारो तासांच्या चित्रफिती आणि निवडक पैलवानांचे करार. देणी, कोर्टकचेऱ्या आणि नको असलेले करार मागे राहिले. आपल्याकडे एखादा बंद पडलेला सहकारी साखर कारखाना बँक लिलावात काढते तेव्हा घेणारा जमीन आणि यंत्रसामग्री घेतो, आणि कामगारांची थकीत देणी जुन्या संस्थेच्या नावावर लोंबकळत राहतात, तसाच हा मामला होता. डब्ल्यूसीडब्ल्यूची कायदेशीर संस्था नाव बदलून टाइम वॉर्नरच्या कपाटात पुढे कित्येक वर्षं जिवंत होती, केवळ जुने दावे निस्तरण्यासाठी.

त्यामुळे त्या मार्चमध्ये एका पैलवानाचं भवितव्य काय, हे त्याच्या करारावर समोरच्या बाजूला कोणाचं नाव आहे यावर ठरलं. स्टिंग, गोल्डबर्ग, रिक फ्लेअर, केव्हिन नॅश, स्कॉट स्टायनर अशा बड्यांच्या करारामागे थेट मूळ कंपनी, म्हणजे टाइम वॉर्नर, उभी होती. मॅकमॅहनला ते करार त्या किमतीत नको होते. पण टाइम वॉर्नरची जबाबदारी त्यामुळे संपत नव्हती. कुस्ती बंद झाली तरी महिन्याच्या महिन्याला पैसे देणं भाग होतं. ही मंडळी घरी बसली. यात आळस कुठेच नव्हता. तुमच्या करारात पुढच्या वर्षाचे दहा-वीस लाख डॉलर लिहिलेले आहेत आणि नवा मालक त्याच्या निम्म्यावर बोलावतोय, तर तुम्ही काय कराल? डायमंड डॅलस पेजने मात्र उरलेल्या रकमेतले साधारण निम्मे घेऊन करार मोडला आणि तो डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये गेला. त्याला काम करायचं होतं. वय चाळिशीच्या पुढे होतं, थांबायला वेळ नव्हता.

दुसऱ्या बाजूला दोन डझनांच्या आसपास पैलवान होते, ज्यांचे करार डब्ल्यूडब्ल्यूएफने उचलले. बुकर टी, बफ बॅगवेल, लान्स स्टॉर्म, ख्रिस कॅनियन, शेन हेल्म्स, बिली किडमन, शॉन ओहेअर, चक पलुंबो वगैरे. बहुतेक तरुण, बहुतेकांचं मानधन आटोक्यातलं. त्यातल्या अनेकांना थेट टीव्हीवर न आणता आधी केंटकीतल्या लुइव्हिल आणि ओहायोतल्या सिनसिनाटीच्या प्रशिक्षण संस्थांत धाडलं गेलं. यातले काहीजण परवापर्यंत राष्ट्रीय वाहिनीवर किताब मिरवत होते. ओहेअर आणि पलुंबो तर विक्रीच्या वेळी जोडीचे विजेते होते.

आणि मग उरलेले. ज्यांच्यामागे टाइम वॉर्नर नव्हतं आणि ज्यांना डब्ल्यूडब्ल्यूएफनेही उचललं नाही, त्यांना नोटीस मिळाली आणि विषय संपला. कोणी जपान गाठलं, कोणी शाळांच्या जिममधल्या छोट्या खेळांकडे वळलं, कोणी धंदाच सोडला. पैलवानांच्या जोडीला पंच होते, कॅमेरावाले होते, रिंग उभारणारे होते, अटलांटातली ‘पॉवर प्लांट’ ही तालीमही बंद पडली. टोनी शिवोनी हा नायट्रोचा आवाज. तो बेसबॉलच्या समालोचनाकडे वळला आणि मोठ्या कुस्तीच्या पडद्यापासून जवळजवळ दोन दशकं लांब राहिला. या लोकांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, आणि मला ते खटकतं.

विक्रीनंतर तीनच दिवसांनी, २६ मार्चला, नायट्रोचा शेवटचा भाग झाला. जागा होती फ्लोरिडातला पनामा सिटी बीच, समोर सुट्टीवर आलेली कॉलेजची पोरं. कार्यक्रम सुरू झाला तोच विन्स मॅकमॅहनच्या चेहऱ्याने. तो स्वतः तेव्हा ओहायोतल्या क्लीव्हलँडला रॉच्या रिंगणात होता आणि दोन्ही वाहिन्यांवर एकदम दिसत होता. आतल्या खोलीत बसलेल्या पैलवानांनी आपल्या नव्या मालकाला असं पडद्यावर पाहिलं, आणि त्यातल्या बहुतेकांना आपला करार उचलला जाणार की नाही हेच माहीत नव्हतं. तरी ते रिंगणात उतरले. बुकर टीने स्कॉट स्टायनरला हरवून मुख्य किताब घेतला. शेवटची लढत झाली स्टिंग आणि रिक फ्लेअरची. १९९५ मध्ये नायट्रोच्या पहिल्या भागातही हे दोघे लढले होते. लढत संपल्यावर दोघांनी मिठी मारली. पुढे मॅकमॅहनचा मुलगा शेन पनामा सिटीच्या रिंगणात आला आणि कंपनी मीच घेतली असं त्याने जाहीर केलं. म्हणजे गोष्टीतही डब्ल्यूसीडब्ल्यूचा मालक मॅकमॅहनच्याच घरातला निघाला.

त्याच रात्री विन्सने आणखी एक काम उरकलं. जेफ जॅरेटच्या नावाची अक्षरं एकेक करत उच्चारून, ‘गेला’ हा शब्दही तसाच अक्षरं सुटी करून म्हणत, त्याने जॅरेटला लाखो लोकांसमोर काढून टाकलं. १९९९ मध्ये जॅरेट डब्ल्यूडब्ल्यूएफ सोडून गेला तेव्हा करार संपलेला होता, आणि आधी हिशेब चुकता करा मगच शेवटची लढत लढतो असं त्याने मॅकमॅहनला ऐकवल्याचं सांगतात. तेव्हा तो असं बोलू शकला, कारण समोर दुसरी कंपनी त्याची वाट बघत होती. ती कंपनीच आता राहिली नव्हती.

चाहत्यांना वाटत होतं की आता मजा येणार. वर्षानुवर्षं ज्या लढती फक्त कट्ट्यावरच्या वादांत होत होत्या, त्या खऱ्या होतील. जुलैमध्ये ‘इन्व्हेजन’ नावाचा जो मोठा कार्यक्रम झाला तो सात लाखांहून जास्त घरांनी पैसे भरून घेतला. म्हणजे लोकांना हे हवं होतं, यात शंका नाही.

पण त्याआधी टॅकोमा घडलं. २ जुलै २००१, वॉशिंग्टन राज्यातलं टॅकोमा शहर, रॉचा कार्यक्रम. शेवटची वीस मिनिटं डब्ल्यूसीडब्ल्यूला दिली होती. समालोचक बदलले, बोधचिन्हं बदलली, आणि किताबासाठी बुकर टी विरुद्ध बफ बॅगवेल अशी लढत लागली. प्रेक्षक डब्ल्यूडब्ल्यूएफचे, तिकीट डब्ल्यूडब्ल्यूएफचं, आणि समोर अशी दोन माणसं ज्यांच्याबद्दल त्यांना गेल्या तीन महिन्यांत फारसं काही सांगितलेलं नव्हतं. लोकांनी हुर्यो उडवली. लढत कोरडी होती हे खरं, दोघंही अडखळत होते. शेवटी डब्ल्यूडब्ल्यूएफचे स्टीव्ह ऑस्टिन आणि कर्ट अँगल मध्ये घुसले तेव्हा कुठे लोकांना हायसं वाटलं. काही दिवसांत बॅगवेलची हकालपट्टी झाली आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा स्वतंत्र कार्यक्रम काढायचा विचार बारगळला. आता एक तपशील पाहा. पुढच्याच सोमवारी, ९ जुलैला, रॉ अटलांटात होता. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या स्वतःच्या गावात, तिच्या स्वतःच्या प्रेक्षकांसमोर. हीच लढत एक आठवडा थांबून तिथे लावली असती तर? मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण विकत घेतलेल्या माणसांना उभं करायची कोणाला घाई नव्हती, एवढं त्यातून नक्की दिसतं.

डॅलस पेजचं काय केलं तेही सांगायला हवं. डब्ल्यूसीडब्ल्यूत तीनदा मुख्य किताब जिंकलेला माणूस. त्याला आणला तो अंडरटेकरच्या बायकोचं चोरून चित्रीकरण करणारा विकृत म्हणून. दोन महिने तो मार खात राहिला आणि ऑगस्टमध्ये, पैलवान नसलेल्या त्या बायकोकडूनही त्याला टीव्हीवर हरवलं गेलं. निम्म्या पैशांवर पाणी सोडून आलेल्या माणसाची ही सरबराई.

विकत घेतलेल्या वस्तूची घेणाऱ्यानेच अशी नासाडी का करावी? नेहमीचं उत्तर असं की बडी नावं आली नाहीत, मग दुय्यम फळीला घेऊन काय करणार. मला हे अर्धंच पटतं. नावं लहान होती, पण कुस्तीत नाव मोठं करणं हेच तर लेखकाचं काम. खरी गोष्ट अशी की आतल्या कोणालाच त्यात हित दिसत नव्हतं. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पैलवानांसाठी प्रत्येक नवा माणूस म्हणजे आपल्या वाट्याची एक वेळ कमी. लेखक त्यांच्या रोजच्या ओळखीचे. आणि मालकाने सहा वर्षं या शत्रूला शिव्या घातलेल्या. तो शत्रू तोडीस तोड होता हे त्याने आता स्वतःच्या पडद्यावर कशाला दाखवावं?

नोव्हेंबरमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ विरुद्ध डब्ल्यूसीडब्ल्यू या गोष्टीचा शेवट झाला. जी बाजू हरेल ती कायमची बंद, अशी पाच विरुद्ध पाचची लढत होती. पाहुण्या बाजूचे पाच कोण? स्टीव्ह ऑस्टिन आणि कर्ट अँगल, दोघंही डब्ल्यूडब्ल्यूएफचे, फितूर म्हणून पलीकडे गेलेले. शेन मॅकमॅहन, मालकाचा मुलगा. रॉब व्हॅन डॅम, ईसीडब्ल्यू या तिसऱ्या, बुडालेल्या कंपनीचा. आणि बुकर टी. विकत घेतलेल्या डब्ल्यूसीडब्ल्यूतून आलेला असा एकच माणूस त्या संघात होता. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या बाजूने मात्र ख्रिस जेरिको आणि बिग शो लढले, आणि हे दोघंही डब्ल्यूसीडब्ल्यूतून आलेले! फरक एवढाच की ते १९९९ मध्ये आले होते. दुसरी कंपनी जिवंत असताना, स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या अटींवर. तीन आठवड्यांनी जेरिकोने एका रात्रीत द रॉक आणि ऑस्टिन दोघांना हरवून दोन्ही मुख्य किताब एकत्र केले आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा जुना किताब कायमचा संपला. डब्ल्यूसीडब्ल्यूने ज्याला कधी मोठा मानला नाही, त्याच्याच हातून. फुटून आलेला माणूस ही जिंकलेली बाजी असते. तिला सजवून मांडतात. खरेदीत आलेल्या माणसाला तो मान नसतो.

ही रीत २००१ ची नाही. १९८७ मध्ये जिम क्रॉकेटच्या कंपनीने बिल वॉट्सची यूडब्ल्यूएफ विकत घेतली होती. तेव्हाही खरेदीत आलेल्या पैलवानांना घरच्या पैलवानांकडून झोडपून काढलं, त्यांचे किताब गुंडाळले, आणि वर्षभरात त्या नावाचं महत्त्व संपलं. त्या गटातून पुढे खऱ्या अर्थाने शिखरावर पोचला तो एक तरुण, स्टिंग. दुसऱ्याच वर्षी क्रॉकेटची ती कंपनी टर्नरने घेतली आणि तिचीच डब्ल्यूसीडब्ल्यू झाली. म्हणजे २००१ येईपर्यंत स्टिंगने हे सगळं एकदा अगदी जवळून पाहिलेलं होतं. पुढे बाकीची बडी मंडळी एकेक करून मॅकमॅहनकडे आली: फ्लेअर नोव्हेंबर २००१ मध्येच, होगन, नॅश आणि हॉल फेब्रुवारी २००२ मध्ये, रे मिस्टेरिओ त्या वर्षीच्या जुलैत, गोल्डबर्ग २००३ मध्ये. स्टिंग गेला नाही. आपल्या माणसांना तिथे कसं वागवलं ते पाहून मन धजावलं नाही, असं तो पुढे मुलाखतींत सांगत आला. डब्ल्यूडब्ल्यूईच्या (हे डब्ल्यूडब्ल्यूएफचंच २००२ पासूनचं नाव) रिंगणात तो उगवला थेट नोव्हेंबर २०१४ मध्ये.

ईसीडब्ल्यूची कथा याहून कडवट. फिलाडेल्फियातली ही तिसरी, लहान पण फार जिद्दीची कंपनी. ती विकली गेली नाही, ती सरळ बुडाली. शेवटचा खेळ जानेवारी २००१ मध्ये आर्कान्सामधल्या पाइन ब्लफला झाला. मार्चमध्ये तिचा कर्ताधर्ता पॉल हेमन रॉवर समालोचन करताना दिसला, आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळं जाहीर केलं. त्या कागदपत्रांत कंपनी ज्यांचे पैसे देणं लागत होती त्यांची जी यादी होती तिच्यात रिंगणातल्या पोरांची नावं होती, महिनोन्महिने थकलेल्या मानधनाचे आकडे होते. विक्रीत निदान कोणीतरी उचललं जातं. दिवाळ्यात पैलवान रांगेत शेवटी उभा राहतो.

या सगळ्यात एका गटाकडे लक्षच जात नाही, तो म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफचे स्वतःचे पैलवान. मार्च २००१ मध्ये तेही हरले, जरी त्या रात्री त्यांना आपण जिंकलो असं वाटलं असेल. आता माणसं दुप्पट, काम तेवढंच. २००२ मध्ये रॉ आणि स्मॅकडाउन असे दोन वेगळे संघ करावे लागले ते काही अंशी याच गर्दीमुळे. आणि मानधनाची बोलणी करताना ‘मी समोरच्याकडे जातो’ असं म्हणायला समोर कोणी उरलं नव्हतं. पट्टीचा पैलवान असो की नवखा, घासाघीस एकाच टेबलावर आणि दर एकाच माणसाने सांगायचा.

जॅरेटने मात्र हार मानली नाही. ज्याला टीव्हीवर सगळ्यांसमोर काढलं होतं त्याने वडिलांना, जेरी जॅरेटना, सोबत घेऊन जून २००२ मध्ये टीएनए नावाची नवी कंपनी काढली. वाहिनी मिळेना म्हणून दर आठवड्याला लोकांकडून थेट पैसे घेऊन कार्यक्रम दाखवायचे. या कंपनीने किती पैलवानांची चूल पेटती ठेवली याचं श्रेय तिला मिळायला हवं तेवढं मिळत नाही. ए. जे. स्टाइल्सचंच बघा. डब्ल्यूसीडब्ल्यूच्या शेवटच्या महिन्यांत तो तिथे नवखा होता. विक्रीत त्याचा करार कोणी उचलला नाही. टीएनएने त्याला उभा केला, तो तिथला सगळ्यात मोठा तारा झाला, मग जपान गाजवून जानेवारी २०१६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, डब्ल्यूडब्ल्यूईत आला आणि त्याच वर्षी तिथला मुख्य किताब जिंकला. खरेदीच्या वेळी ज्याचं नाव यादीतही आलं नाही, त्या माणसाची ही कमाई. त्याच्यासारखे किती जण उभं राहायला जागाच न मिळाल्याने संपले असतील, हा विचार मला सोडत नाही.

चित्रफितींचं प्रकरण अजून मिटलेलं नाही असं म्हणता येईल. २००१ मध्ये कवडीमोल वाटलेला तो साठा पुढे सोन्याचा निघाला. आधी डीव्हीडी, मग २०१४ पासून स्वतःची इंटरनेट वाहिनी, सगळीकडे नायट्रोचे जुने भाग. त्यात मार खाणाऱ्यांना त्याचे किती मिळतात? टॅकोमात जो लढला होता तो बफ बॅगवेल २०१६ मध्ये याच प्रश्नावर कोर्टात गेला. त्याआधी २००८ मध्ये रेव्हन, ख्रिस कॅनियन आणि माइक सँडर्स या तिघांनी मुळावरच बोट ठेवलं होतं: आमचे दिवस, प्रवास, कपडे, नाव, निकाल सगळं तुम्ही ठरवता, तर आम्ही स्वतंत्र कंत्राटदार कसे? प्रश्न बिनतोड होता. दावा मात्र उशीर झाल्याच्या कारणावर अडकला आणि फेटाळला गेला. पैलवान नोकर की कंत्राटदार, या प्रश्नाला कोर्टाने हातच घातला नाही.

दुसरं मोठं गिऱ्हाईक बाजारात यायला अठरा वर्षं लागली. २०१९ मध्ये एईडब्ल्यू सुरू झाली, तीही टीएनटीवर, जिथून कुस्ती हाकलली होती. टोनी शिवोनी पुन्हा समालोचनाला बसला. पैलवानांचे भाव वाढले, कोडी ऱ्होड्ससारखा माणूस तिथे जाऊन मोठा होऊन २०२२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईत परतला तो वाजतगाजत. स्टिंगने आपली शेवटची लढत मार्च २०२४ मध्ये याच एईडब्ल्यूत लढली.

कंपन्या विकणं चालूच आहे. मार्च २०२२ मध्ये एईडब्ल्यूचा मालक टोनी खान याने रिंग ऑफ ऑनर ही कुस्ती कंपनी घेतली. पण त्या कंपनीने आधीच, २०२१ संपताना, सगळ्या पैलवानांना करारातून मोकळं केलं होतं. त्यामुळे विक्रीत नाव आणि चित्रफिती होत्या, माणसं जवळजवळ नव्हतीच. एप्रिल २०२५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने मेक्सिकोतली जुनी आणि नावाजलेली एएए घेत असल्याचं जाहीर केलं. या वेळी नाव पुसलेलं नाही, मेक्सिकोत खेळ चालू आहेत, तिथले पैलवान अमेरिकेच्या पडद्यावर दिसू लागलेत, ही २००१ पेक्षा नक्कीच बरी सुरुवात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लास व्हेगासला एएएचा मुख्य किताब पणाला लागला. तो एएएच्या एल इहो देल विकिंगोकडून गेला आणि डब्ल्यूडब्ल्यूईच्या डॉमिनिक मिस्टेरिओकडे आला. किताब परत कोणाकडे जातो, मेक्सिकोतल्या पोरांना हरण्याच्या बदल्यात काय मिळतं आणि त्यांचे पुढचे करार कोणत्या रकमेचे होतात, यावरून हा व्यवहार जुन्या वाटेने चाललाय की वेगळ्या, ते कळेल.